जेसीबीला सापडलेली हाडं: माणसाची की जनावराची, हे ओळखतात कसं?

पारिजात
नमस्कार मंडळी. जोगेश्वरी पूर्वेची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. पायाचं खोदकाम चालू असताना जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर हाडं वर आली. काळपट, लांबलचक, चांगली जाडजूड. काम बंद. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तासाभरात दोन खून आणि एक नरबळी होऊन गेला, संशयित म्हणून तळमजल्याच्या जुन्या भाडेकरूचं नावही निघालं.

पोलीस आले, पट्टी बांधली, पंचनामा सुरू केला. संध्याकाळी एक डॉक्टर आले. उकिडवे बसले, पाच-सहा हाडं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "म्हैस आहे. ही बारकी रेडकाची." लेखी अहवाल नंतर देतो म्हणाले, हात पुसले आणि गेले.

मी बघ्यांमध्ये होते. कुठलीही टेस्ट न करता इतक्या खात्रीने कसं सांगता येतं? इथे डॉक्टर, व्हेट, वकील सगळे आहेत म्हणून विचारतेय.

नाना_गिरगावकर
जोगेश्वरी-गोरेगाव पट्ट्यात म्हशींचे तबेले होते, अजूनही थोडे आहेत. शहरातली जनावरं बाहेर न्यायची म्हणूनच तर १९४९ साली आरे कॉलनीचं काम सुरू झालं. मेलेलं जनावर तिथेच मागे पुरायचं, असा सरसकट प्रकार. मुंबईत कुठेही दहा फूट खणा, काही ना काही निघणारच. कुठे तबेला, कुठे जुनी दफनभूमी. देवनारचा कत्तलखाना १९७१ ला सुरू झाला, त्याआधी तो वांद्र्याला होता. तिकडे पाया खणणाऱ्यांना काय काय दिसलं असेल, विचार करा.

धडाकेबाज
एवढा विचार कशाला? डीएनए टेस्ट करायची, विषय संपला.

परळचा_पशुवैद्य
धडाकेबाज, डीएनएवर येतो, जरा दम धरा.

पारिजात, तुमच्या डॉक्टरांनी जादू केलेली नाही. पूर्ण हाड हातात असेल आणि त्याची टोकं शाबूत असतील, तर शरीररचना शिकलेल्या माणसाला टेस्ट लागतच नाही. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजचा (१८८६ सालचं आमचं कॉलेज, मिरवायची संधी सोडत नाही). पहिल्या वर्षी आम्हाला कापडी पिशवीत हात घालून न बघता हाड ओळखायला लावायचे. हाड कुठल्या जनावराचं, कुठल्या पायाचं, डावं की उजवं. पोरं रडकुंडीला यायची, पण ते बोटांत बसतं ते कायमचं.

लोक आधी लांबी बघतात आणि तिथेच फसतात. शेळीच्या मांडीचं हाड तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाएवढं भरू शकतं. लांबीवरून काही सिद्ध होत नाही. बघायचे ते सांधे.

घरी करून बघा. मटणवाल्याकडून पाया आणा, सूप प्या आणि त्यातलं सगळ्यात लांब हाड टाकून न देता घासून धुवा. वरचं टोक बरंचसं सपाट लागेल. खालच्या टोकाला दोन गोलसर गट्टू शेजारी शेजारी, आणि मध्ये आरपार खाच. आता हाड समोरून उभं धरा. मधोमध वरून खालपर्यंत एक बारीक चर गेलेली दिसेल. मुळात ही दोन हाडं. आपल्या तळहातात मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं जे हाड असतं, त्याच जागेची. ती जुळून एक झाली, त्या सांध्याची खूण म्हणजे ती चर. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, हरीण, सगळ्यांत हे हाड असतं. माणसात नाही. डॉक्टरांच्या हातात हे पहिलं आलं असेल तर निकाल तिथेच लागला, बाकीची हाडं त्यांनी तुमच्या समाधानासाठी बघितली.

आणखी काही ठळक गोष्टी. कोपराखाली आपल्याला दोन सुटी हाडं, म्हणून उताणा हात पालथा करता येतो. शेळी-म्हशीत ती एकमेकांना चिकटलेली. कॉलरबोन खुरवाल्या जनावरांना नसतेच. माणसाचं कटीर, म्हणजे कमरेचं हाड, पसरट आणि खोलगट, कारण पोटातला सगळा भार त्यावर. जनावराचं लांबट आणि अरुंद. कवटी मिळाली तर वादच नाही. मज्जारज्जू बाहेर पडायचं मोठं भोक माणसात कवटीच्या तळाला असतं, चार पायांवर चालणाऱ्यांत मागच्या अंगाला. हनुवटी फक्त माणसाला. शेळी-म्हशीच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी.

खरी पंचाईत टोकं तुटल्यावर होते. नुसता मधला तुकडा हातात आला की मी बोलायचा थांबतो. भिंतीची जाडी बघतात, ढोबळ नियम असा की माणसात ती व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढी, जनावरात तिसऱ्या. जनावराचं हाड म्हणून हाताला जड लागतं, आतली पोकळीही गुळगुळीत. माणसात आतलं जाळीदार हाड हळूहळू भिंतीत मिसळत जातं. पण हे झालं अंदाजापुरतं. एवढ्यावर कोर्टात उभं राहायला मी तयार नाही.

शेवंता_मुलुंड
पाया आणला. खाच दिसली!! नवरा म्हणतोय हाडं धुऊन ओळीने मांडणारी बायको बघून त्याला भीती वाटतेय.

सत्तूर
आमचं कुर्ल्याला मटणाचं दुकान आहे, आजोबांपासून. डॉक्टरांना एक विचारायचंय. आमच्याकडचा माल कोवळा असतो. त्या पायाच्या हाडाचे खालचे गट्टू शिजल्यावर पुष्कळदा सुटून येतात, नळीचंही टोक टोपीसारखं निघतं. मग टोकं बघणार कशी?

आणि एक भर माझ्याकडून. दुकानातलं हाड कापावरून कळतं. सत्तूर एका ठरावीक ठिकाणी बसतो. सीना, चाप, नळी, प्रत्येकाचा तुकडा पडायची जागा ठरलेली, ओंडक्यावर हात आपोआप तिथेच जातो. फ्रोझन माल मशीनच्या करवतीने कापतात, त्याचा काप एकदम सपाट आणि त्यावर बारीक समांतर रेघा. कुत्र्यांनी उकिरड्यातून ओढून नेलेलं हाड कितीही लांब सापडू दे, असा काप दिसला की ते कुणाच्या तरी रविवारच्या जेवणातलं.

अस्थिपंजर
मी न्यायवैद्यकशास्त्रात आहे. कुठे ते विचारू नका.

सत्तूर, कापाचं तुम्ही म्हणता ते बरोबर, पण नुसता काप बघून मी हाड बाजूला टाकणार नाही. प्रेताचे तुकडे करणाऱ्यांच्या हातातही सत्तूर असतो. फरक पडतो तो काप कुठे बसलाय याने. खाटीक जेवणाच्या हिशोबाने कापतो. लपवणारा सांध्यापाशी झटापट करतो, एकाच जागी चार-पाच अर्धवट घाव दिसतात. दातांच्या खुणाही बघाव्या लागतात. कुत्रं टोकं चघळतं आणि खळगे पाडतं. उंदीर-घूस काठावर जवळजवळ समांतर चरे पाडतात. हे नंतरचं नुकसान मारहाणीच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून त्याची वेगळी नोंद करायची.

टोपी निघण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. वाढत्या वयात लांब हाडाची टोकं मधल्या दांड्याला कूर्चेने, म्हणजे मऊ लवचिक थराने, जोडलेली असतात, वाढ संपली की पक्की चिकटतात. म्हणून बारकं हाड आलं की मी पहिल्यांदा ते बघते. हाड छोटं पण टोकं पक्की, म्हणजे पूर्ण वाढलेलं छोटं जनावर. मांजर, कुत्रा, माकड. तो विषय तिथे मिटला. हाड छोटं आणि टोकं सुटी, तर मात्र दोन शक्यता उरतात, कोवळं जनावर किंवा मूल.

आमची झोप उडवणारी हाडं म्हणजे नवजात बाळांची. पूर्ण दिवसांच्या बाळाचं मांडीचं हाड साधारण साडेसात सेंटिमीटर. बाजारातल्या कोंबडीचंही त्याच घरातलं. बाळाची टोकं अजून कूर्चेची, ती कुजून जातात. उरतो तो दांडा, ज्यावर ओळखीच्या खुणा फारच थोड्या. पक्ष्याच्या हाडाची भिंत पातळ असते, त्यावरून कोंबडी वेगळी काढता येते. पण शेळीचं करडू, कुत्र्याचं पिल्लू यांना वेगळं काढायला प्रत्यक्ष संग्रहातल्या हाडाशेजारी ठेवून बघावं लागतं. अशा वेळी मी मोबाईलवर फोटो बघून मत देत नाही, कितीही वरून फोन आला तरी. नाल्यात सापडलेली 'कोंबडीची हाडं' म्हणून एखादं अर्भक फायलीबाहेर राहिलं तर त्याच्यासाठी भांडायला दुसरं कुणी येत नाही.

धडाकेबाज
हेच म्हणतोय ताई. डीएनए!

अस्थिपंजर
करतात हो. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. पण सरसकट प्रत्येक हाड पाठवलं तर मुंबईतल्या प्रत्येक बिर्याणीचा डीएनए करावा लागेल, आणि खऱ्या केसेस त्या ढिगाखाली अडकतील. डोळ्याने होतं ते डोळ्याने करायचं.

जे उरतं त्यासाठी पायऱ्या आहेत. तुकडा घासून पातळ काप करतात आणि मायक्रोस्कोपखाली ठेवतात. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर यांची शरीरं झपाट्याने वाढतात, त्यामुळे त्यांच्या हाडात बरेचदा विटांच्या भिंतीसारखी आडवी बांधणी दिसते. प्रौढ माणसात रक्तवाहिनीभोवतीची गोल वर्तुळं विखुरलेली असतात. मेख अशी की कुत्र्याचं हाड माणसासारखं दिसू शकतं आणि म्हाताऱ्या जनावरातही गोल वर्तुळं वाढतात. म्हणजे विटा दिसल्या तर बहुतेक जनावर. विटा नाहीत म्हणून लगेच माणूस नव्हे.

डीएनएच्या कितीतरी आधी, १९०१ साली, पॉल उलेनहुथ या जर्मन डॉक्टरने रक्त माणसाचं की जनावराचं हे प्रतिद्रव्याने (अँटीबॉडीने) ओळखायची पद्धत काढली. ताज्या, थोडं मांस लागलेल्या हाडावर तीच युक्ती चालते, कारण प्रथिनं शिल्लक असतात. आता मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातला) सायटोक्रोम बी नावाचा जीन वाचतात, त्यावरून प्राणी कुठला ते समजतं. नमुन्यासाठी दात, मांडीच्या हाडाची जाड भिंत किंवा कानामागचं कवटीचं टणक हाड उत्तम.

जळलेल्या हाडात मात्र डीएनए साथ सोडतो. हाड आधी तपकिरी, मग काळं, मग राखाडी आणि शेवटी पांढरं पडतं. पांढरंफटक झालं म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग गेला. वर हाड आक्रसतं आणि तडकतं, त्यामुळे मापंही फसवतात. तिथे पुन्हा सांध्याचा एखादा तुकडा नाहीतर मायक्रोस्कोप, एवढंच हातात उरतं.

कलम_कसाई
माझा आवडता खटला याच विषयावरचा आहे. शिकागो, १८९७. अॅडॉल्फ ल्यूटगर्ट नावाच्या सॉसेज कारखानदाराची बायको लुइझा नाहीशी झाली. कारखान्याच्या तळघरातल्या एका टाकीत पोटॅशच्या द्रावात तिला विरघळवल्याचा आरोप. मिळालं काय? अंगठ्या, त्यातल्या एकीवर तिची आद्याक्षरं, आणि हाडांचे मूठभर बारीक तुकडे. आता सॉसेजच्या कारखान्यात हाडं सापडणारच की! बचाव पक्षाचं म्हणणं, ही डुकराची. सरकारतर्फे फील्ड म्युझियमचे मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज डॉर्सी उभे राहिले आणि त्यांनी ती माणसाची असल्याचं सांगितलं. तज्ज्ञांची जुंपली ती सांध्याजवळच्या वाटाण्याएवढ्या हाडावरून. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या खटल्यात १८९८ मध्ये जन्मठेप.

आपल्याकडचं सांगायचं तर संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी सीआरपीसी १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. पुरावा नष्ट केल्याचं आयपीसी २०१ आता न्याय संहितेत २३८. तज्ज्ञाचं मत साक्ष अधिनियमात कलम ३९, आधीचं ४५. लक्षात घ्या, ते 'मत' असतं. मी उलटतपासणीला एवढंच विचारतो: डॉक्टर, हे हाड मेंढीचं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? ज्याने प्रत्यक्ष मेंढीचं हाड शेजारी ठेवून बघितलंय तो शांतपणे उत्तर देतो. बाकीचे पुस्तकाचं पान सांगायला लागतात.

आणि प्रेत मिळालं नाही म्हणजे खून सिद्ध होत नाही, हा सिनेमातला कायदा. इतर पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात हे स्वच्छ सांगितलंय.

पारिजात
बाप रे, किती माहिती! पण तज्ज्ञ चुकतात का कधी?

परळचा_पशुवैद्य
चुकतात, आणि थाटात चुकतात. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे हेन्री ऑस्बर्न यांनी नेब्रास्कात सापडलेल्या एका दातावरून उत्तर अमेरिकेतला पहिला मानवसदृश वानर जाहीर केला. लॅटिन नाव दिलं, वर्तमानपत्रात चित्रं छापून आली. पुढे त्याच जागी आणखी खोदलं तेव्हा कळलं, दात पेकरी नावाच्या डुकरासारख्या प्राण्याचा. १९२७ मध्ये दावा मागे घेतला. डुकराच्या आणि आपल्या दाढा मिळत्याजुळत्या, कारण दोघंही मिळेल ते खाणारे. झिजलेली सुटी दाढ आली की मी दोनदा बघतो.

दुसरं नेहमीचं फसवं प्रकरण म्हणजे अस्वलाचा पंजा. कातडं आणि नखं गेली की माणसाच्या हाता-पायासारखा दिसतो. पण बोरिवलीच्या जंगलात अस्वल नाही, त्यामुळे मुंबईकरांनी ती काळजी सोडावी.

कान्हेरी_भटक्या
नॅशनल पार्कच्या कडेला हाडं दिसतात आम्हाला. चितळ, सांबर, कधी कुत्री, सगळा बिबट्याचा उद्योग. पण ते 'माणसाचं नाही' म्हणून खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. हाड, शिंग, दात, नख घरी आणलंत तर तोही गुन्हाच. जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याला कळवा.

कलम_कसाई
+१. शिवाय २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापणंही बंद, म्हैस चालते. त्यामुळे 'जनावराचं' एवढ्यावर भागत नाही, गोवंश की म्हैस हे लेखी लागतं. पशुवैद्यबुवा, तुकड्यावरून सांगाल?

परळचा_पशुवैद्य
शिंग किंवा पूर्ण कवटी द्या, लगेच सांगतो. नळीच्या तुकड्यावरून नाही सांगणार. ते काम डीएनएचंच. वन्यप्राण्यांच्या बाबतीत हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा हेच करते.

वर्सोवा_वारा
फोटो टाकलाय. आज सकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. तीन बोटं आणि मनगटाचा थोडा भाग, पांढरं. गूगल लेन्स म्हणतंय 'हस्तिदंती दागिना'. हात लावलेला नाही. पोलिसांना बोलावू का?

अस्थिपंजर
पुढच्या वेळी शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, आकाराचा अंदाज येतो. पण हा कळतोय. मधल्या बोटाचं तुटलेलं टोक मोठं करून बघा. आतून तपकिरी काथ्या बाहेर आलाय. आणि बोटं एकसंध आहेत, एकाही पेराला सांधा नाही. पीओपीची मूर्ती आहे. विसर्जनानंतर असे हात, सोंडेचे तुकडे येतातच. हाड आहे की नाही हा पहिला प्रश्न, माणूस की जनावर हा दुसरा. पाईपचे तुकडे, वाळलेली मुळं, प्रवाळ, सगळं येतं आमच्याकडे पाकिटात घालून, सील मारून.

शंका असेल तर ११२ ला फोन केलात तरी कुणी रागावणार नाही. फक्त उचलू नका, धुऊ नका, ढिगारा करू नका. कुठलं हाड कुठल्या हाडाशेजारी होतं यावरून आम्हाला जास्त कळतं. एखादं सबंध म्हशीचं पाऊल जागच्या जागी दिसत असताना कुणीतरी 'मदत' म्हणून सगळं गोणीत भरतो, आणि मग आम्ही बसतो जुळवत.

सायनची_सायली
थोडं अवांतर. माझी मावशी डॉक्टर होती. माळा साफ करताना तिचा शिकतानाचा बोन सेट निघाला, पत्र्याच्या पेटीत. खऱ्या हाडांचा. कवटी, मणके दोरीत ओवलेले, बरगड्या. हा धागा वाचून आता हात लावायची भीती वाटतेय. कचऱ्याच्या गाडीत टाकला तर?

अस्थिपंजर
मुळीच टाकू नका! कचरा वेचणाऱ्याला कवटी सापडली की पोलीस, पंचनामा, बातमी, सगळा खेळ. असे सेट अधूनमधून खरंच येतात आमच्याकडे, हॉस्टेल रिकामं करताना किंवा जुनं घर पाडताना टाकलेले. पूर्वी सिनियर ज्युनियरला सेट विकायचा, पिढ्यानपिढ्या तीच हाडं फिरायची. भारतातून माणसाच्या सांगाड्यांची निर्यात तर १९८५ साली बंदी येईपर्यंत जोरात चालू होती. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे वापरतात.

शिकवणीचं हाड ओळखायला फार वेळ लागत नाही. कवटीची टोपी करवतीने गोल कापलेली आणि बाजूला पितळी हुक. तारेसाठी पाडलेली भोकं. हाताळून आलेली तुकतुकी, कुठे स्नायूंची नावं शाईने लिहिलेली. पण माणसाचं हाड ते माणसाचंच, त्यामुळे हे सगळं कागदावर येईपर्यंत एका अधिकाऱ्याचे दोन दिवस जातात.

पेटी तशीच बंद ठेवा. मावशींच्या कॉलेजच्या अॅनॉटमी विभागाला अर्ज लिहा: अमुक डॉक्टरांचा शिक्षणासाठीचा संच, घरात सापडला, विभागाकडे जमा करायचा आहे. त्यांच्या डिग्रीची झेरॉक्स जोडा. नेऊन द्या आणि पोचपावती घ्या. पेटी घेऊन लोकलने जाऊ नका, टॅक्सी करा. दादरला बॅग स्कॅन झाली तर मला फोन करायला लागेल.

सायनची_सायली
डिग्री सापडली, फ्रेममध्ये आहे. सोमवारी फोन करते विभागाला. मणक्यांपैकी एक मात्र बाकीच्यांपेक्षा फारच मोठा वाटतोय, कडेचे दांडे लांब आणि सपाट. फोटो टाकलाय, शेजारी नाणं ठेवलंय.

परळचा_पशुवैद्य
तो म्हशीचा आहे. कमरेचा. मावशींना कुणीतरी सिनियरने टोपी घातली. तो अॅनॉटमीवाल्यांना देऊ नका, परळला पाठवा.